जालन्याची फेरी

जालना शहर कुंडलिका नदीच्या काठी वसले आहे. येथे येणाऱ्या प्रवाशाने प्रथम मोती तलावाच्या बांधावर जावे. निजामशाहीच्या काळी जमशेदखान नावाच्या अधिकाऱ्याने हा तलाव बांधविला. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. जमिनीखालून नळ घालून त्याने ते पाणी गावातील हौदांत खेळविले. त्यांतील सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकात होता. उन्हातान्हातून दमूनभागून आलेल्या वाटसरूला मुक्कामाच्या जागीच पाणी मिळे. २०१२ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातील गावे टँकरची वाट पाहत होती. हे आठवले म्हणजे त्या नळांचे मोल कळते! तलावापासून गावात पायीच यावे.

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच जिल्ह्यात आहे, तेही पाहावे. एक दिवस मात्र भोकरदनसाठी राखावा. केळना नदीकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ साली तेथे उत्खनन होऊन सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. दोन हजार वर्षांपूर्वी भोगवर्धनच्या लोकांनी दूर सांचीच्या स्तूपाला दाने दिली. त्यांच्या गावाचे नाव तेथील दगडांवर कोरलेले आहे.