काम मुलांचे, व्यवस्था शाळेची



'डिझाइन' हा शब्द कानावर पडला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे फॅशनचे कपडे, मेंदीची नक्षी नाहीतर लग्नपत्रिका येते. सरकारी हिंदीत त्याला 'अभिकल्प' म्हणतात, पण तो शब्द कागदावरच राहिला. खरे पाहता डिझाइन म्हणजे दुसऱ्याची अडचण नीट समजून घेऊन ती दूर करणारी वस्तू, जागा किंवा पद्धत तयार करणे. पाण्याच्या टाकीचा नळ पहिलीतल्या मुलाच्या हाताला पोहोचतो की नाही, हा डिझाइनचाच प्रश्न आहे. ह्या विचारावर चाललेल्या दोन प्रयोगांचा अभ्यास आम्ही ह्या अंकात मांडत आहोत. दोन्ही अमेरिकेतले आहेत, पण त्यातून एक निर्णय आपल्याला इथे इंदूरमध्ये घ्यायचा आहे.

एक मोठी इमारत, एक जुनी शेड

पहिला प्रयोग कॅलिफोर्नियातला. 'डिझाइन टेक हायस्कूल' ही शाळा २०१४ साली सुरू झाली. ती सरकारी निधीवर चालणारी असल्याने विद्यार्थ्यांकडून फी घेतली जात नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डिझाइन संस्थेची विचारपद्धती तिने स्वीकारली. ज्याच्यासाठी काम करायचे त्याला आधी समजून घ्या, मग अडचण नेमक्या शब्दांत मांडा, कल्पना काढा, कच्चा नमुना करा, तो वापरून पाहा आणि सुधारा, अशी ती पद्धत. जानेवारी २०१८ मध्ये ऑरेकल कंपनीने आपल्या आवारात ह्या शाळेसाठी नवी इमारत बांधून दिली. तिच्यात मोठी कार्यशाळाही आहे.

हे वाचून आपले विश्वस्त म्हणतील, "सर, आपल्यापाशी ऑरेकल नाही." बरोबर आहे. म्हणूनच दुसरा प्रयोग अधिक लक्ष देऊन पाहू.

उत्तर कॅरोलिना राज्याच्या ईशान्येला बर्टी नावाचा जिल्हा आहे. २०१० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या २१ हजारांच्या आसपास होती. भुईमूग, कापूस, तंबाखूची शेती आणि कोंबड्यांवर प्रक्रिया करणारा मोठा कारखाना, एवढाच मुख्य रोजगार. जिल्हा गरीब, आणि शिकलेली मुले गाव सोडून जातात ही तिथली जुनी काळजी. २०१० साली एमिली पिलोटन आणि मॅथ्यू मिलर ह्या दोन तरुण डिझाइनरांनी तिथल्या सरकारी हायस्कुलात 'स्टुडिओ एच' नावाचा वर्ग सुरू केला. पहिल्या वर्गात १३ विद्यार्थी होते. रोज तीन तास, पूर्ण शालेय वर्ष. नवी इमारत नव्हती. जुन्या शेडचीच कार्यशाळा केली होती. ज्या शिक्षणाधिकाऱ्यांनी ह्या दोघांना बोलावले होते, त्यांनाच शाळा मंडळाने पदावरून दूर केले. वर्गासाठी पगार मिळणार नाही असे ठरले, तेव्हा दोघे बिनपगारी शिकवत राहिले आणि खर्च देणग्यांतून भागवला.

फळी, खुराडे आणि हाट

वर्षभरात मुलांनी तीन कामे केली. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिले काम अगदी लहान होते. तिकडे उतरत्या फळीच्या भोकात धान्याच्या पिशव्या फेकण्याचा एक खेळ असतो, त्याच्या फळ्या बनवायच्या. करवत, ड्रिल, टेप आणि गुण्या हाताळण्याचा सराव त्यात झाला. माप चुकले तर एक फळी वाया गेली, याहून मोठे नुकसान नव्हते. नवशिक्याला चुका स्वस्तात करू देणे हाच ह्या पायरीचा हेतू.

दुसरे काम म्हणजे कोंबड्यांची खुराडी. इथे वापरणारी होती कोंबडी, आणि तिला प्रश्न विचारता येत नाही! तिला ऊन किती लागते, ती बसते कुठे, अंडे कुठे घालते, रात्री तिच्यावर कोण झडप घालतो, हे पाहूनच समजून घ्यावे लागते. मुलांनी गट करून वेगवेगळे नमुने काढले आणि त्यातून प्रत्यक्ष खुराडी बांधली. ज्या जिल्ह्यात कोंबडी म्हणजे कारखान्यातला माल, तिथल्या मुलांनी प्रथमच तिचा राहणारी, वावरणारी म्हणून विचार केला.

तिसरे काम गावाचे. विंडसर ह्या जिल्ह्याच्या मुख्य गावी शेतकऱ्यांना माल विकण्यासाठी बांधीव बाजार उभारायचा. आपल्या माळव्यातल्या हाटासारखाच, पण छप्पर आणि ओटे असलेला. मुलांनी नकाशे काढले, छोट्या प्रतिकृती केल्या आणि आपली योजना नगर प्रशासनापुढे मांडली. गावाने जागा दिली. २०११ च्या उन्हाळ्याच्या सुटीत मुलांनी ऊन सोसून बांधकाम केले. ह्या कामाचे त्यांना वेतनही मिळाले. सुमारे २००० चौरस फुटांचा तो बाजार २०११ च्या ऑक्टोबरमध्ये खुला झाला. ह्या सर्व प्रवासावर 'इफ यू बिल्ड इट' नावाचा माहितीपट २०१३ साली निघाला.

मुलांच्या हाती काम देणे म्हणजे गुरुजी रजेवर जाणे नव्हे. बर्टीत यंत्रावर कोणी हात घालायचा आणि केव्हा, हे शिक्षकच ठरवत. छप्पर वजन पेलेल की नाही, हा प्रश्न मुलांच्या मतदानाने सुटत नाही. मात्र काय बांधायचे, कसे दिसायचे, लोकांना ते कसे समजावायचे, हे मुलांचे क्षेत्र होते. मोठ्यांनी सुरक्षितता आणि शिस्त सांभाळायची, उत्तर मात्र आधी सांगायचे नाही. शिक्षकाला हेच सर्वांत कठीण जाते.

पुढे काय झाले

चांगल्या गोष्टींच्या कथा उद्घाटनापाशी संपतात. अभ्यास मात्र पुढे न्यावा लागतो. बर्टीतला हा वर्ग दोन वर्षे चालला. २०१२ मध्ये पिलोटन कॅलिफोर्नियातील बर्कली शहरी गेल्या आणि तिथल्या एका शाळेत 'स्टुडिओ एच' सुरू केला. तिथल्या मुलांनी आपल्याच शाळेसाठी ग्रंथालय उभारले. प्लायवुडच्या, इंग्रजी 'एक्स' अक्षराच्या आकाराच्या तुकड्यांपासून त्यांनी पुस्तकांची मांडणी केली. बीजगणितात 'एक्स' म्हणजे अज्ञात राशी, म्हणून त्या जागेचे नावही 'एक्स-स्पेस' ठेवले. २०१३ साली त्यांनी मुलींना सुतारकाम व वेल्डिंग शिकवणारी 'गर्ल्स गॅरेज' ही संस्था स्थापन केली.

म्हणजे कल्पना जगली, पण जिथे ती जन्मली त्या शाळेत टिकली नाही. मुले कमी पडली नव्हती, गावही कमी पडले नव्हते. शाळेच्या वेळापत्रकात आणि अंदाजपत्रकात त्या कामाला पक्की जागा मिळाली नाही. दोन माणसांच्या उत्साहावर उभे असलेले काम त्या माणसांबरोबर निघून जाते. आम्हाला ह्या अभ्यासातून मिळालेला धडा हाच: काम मुलांचे असावे, पण व्यवस्था शाळेची असावी.

आपल्यासाठी

हे काही परदेशी खूळ नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, त्यातून 'नई तालीम' उभी राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांबरोबर शिकण्याची सूचना केली आहे.

आपल्या समाजाची काळजीही बर्टीसारखीच आहे. बारावी झाली की आपली मुले पुण्याला, बंगळूरला जातात. जाण्यावर आमचा आक्षेप नाही. पण जाण्याआधी ह्या शहरात, ह्या समाजासाठी आपल्या हातांनी उभे केलेले काहीतरी त्यांच्या नावावर असावे. ज्याने ओटा बांधला, तो त्या ओट्याची विचारपूस करत राहतो.

विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की नव्या सत्रापासून आठवी-नववीसाठी आठवड्यातून दोन जोड तास, मागची पत्र्याची शेड, हत्यारांसाठी वार्षिक तरतूद आणि एका अनुभवी मिस्त्रींचे मानधन मंजूर व्हावे. वर्ग घेणारे शिक्षक बदलले तरी तास बदलू नयेत, अशी नोंद ठरावातच असावी.

पालकहो, गुणांची चिंता आम्ही समजतो. हे तास कुठून तरी काढावे लागतील, हेही खरे. म्हणून दहावीचा वर्ग ह्यातून वगळला आहे. पण उताराचा कोन, क्षेत्रफळ, अपूर्णांक आणि खर्चाचा हिशेब हे सारे फळी कापताना जसे कळते, तसे फळ्यावर कळत नाही. एवढीच विनंती, की बाजारातून तयार प्रोजेक्ट आणून देऊ नका. मुलाची वाकडी फळी आम्हाला चालेल.

विद्यार्थ्यांसाठी गृहपाठ

१. शाळेतली किंवा समाजाच्या सभागृहातली एक जागा निवडा. पाण्याची टाकी, सायकल स्टँड, वाचनालयाचा जिना, काहीही चालेल.

२. तीन दिवस तिथे रोज अर्धा तास बसून पाहा. किती लोक येतात, कोण अडखळतो, कोण परत जातो, ते लिहा. उपाय अजून सुचवू नका.

३. ती जागा वापरणाऱ्या तिघांशी बोला. त्यात शाळेच्या मावशी किंवा एखादे आजी-आजोबा असावेत. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत टिपा.

४. अडचण एका वाक्यात लिहा. मग मापे घेऊन नकाशा काढा आणि रद्दी पुठ्ठ्याचा नमुना करा.

५. नमुना त्याच तिघांना दाखवा. त्यांनी 'छान आहे' म्हटले तर पुन्हा विचारा, "काय बदलू?"

वह्या महिनाअखेर वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. विश्वस्तांच्या बैठकीत आमच्या विनंतीबरोबर ह्याच वह्या आम्ही मांडणार आहोत.