काळीज तिकडे उजवीकडे असतं का?

प्रश्न : माझा पुतण्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाला. बॉण्डचं वर्ष ग्रामीण रुग्णालयात काढलं. विंचूदंशापासून बाळंतपणापर्यंत सगळं निभावलं. आता इंग्लंडला जायचं म्हणतो, तर पुन्हा परीक्षा! एक नाही, दोन, आणि दुसरी मँचेस्टरला जाऊन द्यायची. तिकडच्या माणसांचं काळीज उजवीकडे असतं का?
— एक काका, कराड

उत्तर : काळीज तिकडेही डावीकडेच असतं, काका. तुमच्या प्रश्नात राग आहे आणि तो अगदीच अनाठायी नाही, कारण एके काळी ही परीक्षा नव्हतीच.

ब्रिटनमध्ये डॉक्टर म्हणून कोणाची नोंद घ्यायची, हे जनरल मेडिकल कौन्सिल ठरवते. ती जन्मली 1858 च्या कायद्याने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती आपल्याकडच्या विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्या मान्य करत आली होती. 1930 मध्ये तिने हात आखडता घेतला. तक्रार काय, तर हिंदुस्थानातल्या कॉलेजांत प्रसूतीचं शिक्षण अपुरं पडतं! रात्रपाळीला लेबर रूम सांभाळलेल्या तुमच्या पुतण्याला हे वाचून दाखवा, करमणूक होईल. तेव्हा मात्र मोठा गहजब झाला, 1933 चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा आला आणि पुढे मान्यताही परत मिळाली. स्वातंत्र्यानंतर ती टिकली. 1948 मध्ये ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, सुरू झाली तेव्हा तिला माणसं हवीच होती. आपले डॉक्टर जात, नोंदणी करत आणि कामाला लागत. कोळशाच्या खाणींची गावं, वृद्धांचे वॉर्ड, मनोरुग्णालयं, जिथे तिकडचे डॉक्टर जायला नाखूश, तिथे आपली मंडळी खपली.

1975 मध्ये ते दार बंद झालं. भारतीय पदव्यांची मान्यता गेली आणि त्याच वर्षी परदेशी डॉक्टरांसाठी परीक्षा आली. आज तिला प्लॅब म्हणतात. खटकण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. त्याच दशकात युरोपीय समुदायातल्या देशांच्या डॉक्टरांना परीक्षेवाचून नोंदणी खुली झाली. एवढंच नव्हे, त्यांचं इंग्रजी तपासायचा अधिकारही कौन्सिलला 2014 पर्यंत नव्हता. 2008 मध्ये केंब्रिजशायरमध्ये जर्मनीहून आलेल्या एका बदली डॉक्टरने ब्रिटनमधल्या पहिल्याच पाळीत एका वृद्धाला डायमॉर्फिनचा दहापट डोस दिला आणि तो रुग्ण दगावला. त्यानंतर ओरड झाली, चौकशी झाली, तेव्हा कुठे भाषेची चाचणी लागू झाली. प्लॅब मात्र त्यांना आजही नाही. ब्रेक्झिटनंतरही ती सवलत तूर्त चालू ठेवली आहे. तेव्हा रागवायचंच असेल तर परीक्षा आहे म्हणून रागवू नका, ती सगळ्यांना नाही म्हणून रागवा. परीक्षा असावी याच मताचा मी आहे. का, ते मँचेस्टरला पोचल्यावर सांगतो.

मँचेस्टरच्या आधी कागदपत्रं. इंग्रजीची परीक्षा आयईएलटीएसची दिली, तर एकूण 7.5 आणि चारही भागांत किमान 7 लागतात. किंवा ओईटी या दुसऱ्या इंग्रजी परीक्षेत चारही भागांत बी श्रेणी. मग पदवी खरी आहे का याची पडताळणी थेट कॉलेजकडून होते आणि हे काम अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची एक संस्था करते. हुशार मुलं इथेच अडकलेली पाहिली आहेत. पदवीवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव गायब. मुलीचं लग्न झालं असेल तर आडनावच निराळं. आपल्याला ही एकच व्यक्ती आहे हे डोळे मिटून कळतं, पलीकडच्या संगणकाला त्या तीन वेगवेगळ्या बायका वाटतात. मग प्रतिज्ञापत्र करा, कॉलेजच्या कार्यालयात खेटे घाला, तिथला कारकून रजेवर. पुतण्याला सांगा, अभ्यासाची पुस्तकं नंतर घे, आधी सगळ्या कागदांवरची नावं जुळव.

प्लॅबचा पहिला भाग फारसा अवघड नाही. तीन तासांत 180 बहुपर्यायी प्रश्न, उणे गुण नाहीत, भारतातल्या मोठ्या शहरांत देता येतो. नीटची सवय असलेल्या मुलाला हा पेपर घाम फोडत नाही. फक्त उत्तर तिकडच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे द्यायचं. आपण रक्तातली साखर 180 म्हणतो, तिथे तीच 10 असते, कारण मोजायचं एकक वेगळं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्रॅझोसिन वापरून जीव वाचवले आणि ते काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, म्हणजे त्यांच्याच नियतकालिकात. पण तुमच्या पुतण्याची विंचवावरची हुकमत मँचेस्टरला शून्य गुणांची, कारण तिथल्या ओपीडीत विंचू चावलेला माणूस येत नाही.

आता दुसरा भाग. हा फक्त मँचेस्टरला होतो. ओळीने खोल्या, एकूण 16 प्रसंग, प्रत्येकाला आठ मिनिटं. दाराबाहेर प्रसंगाचा कागद, वाचायला दीड मिनिट, घंटा झाली की आत. आत रुग्ण म्हणून बसलेला असतो एक नट, कधी नुसता पुतळा, आणि कोपऱ्यात गप्प बसलेला परीक्षक. प्रत्येक प्रसंगाला तीन बाबींवर गुण मिळतात : माहिती नीट काढली का आणि तपासणी नीट केली का, उपचार बरोबर ठरवले का, आणि माणसाशी कसे वागलात. तिन्हींना सारखं वजन. आपली मुलं पहिल्या दोन्हींत सहसा कमी पडत नाहीत.

सरावाच्या पुस्तकांत हमखास असणारा एक प्रसंग घ्या. पंधरा वर्षांची मुलगी एकटी येते आणि गर्भनिरोधक गोळ्या मागते. आईला सांगू नका म्हणते. आपल्याकडच्या डॉक्टरच्या तोंडून पहिलं वाक्य काय येईल? “आईला घेऊन ये.” वाक्य चुकीचं म्हणायलाही जीभ रेटत नाही, कारण आपल्या पॉक्सो कायद्यात अठराच्या आतली मुलगी म्हणजे बालक, तिची संमती धरली जात नाही आणि असा प्रकार कळला तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये 1985 च्या गिलिक खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने दिलेला निकाल निराळा. मुलीला सल्ला समजतो आहे का ते पाहा, आईवडिलांना सांगायला तिचं मन वळवून पाहा. ती तयारच नसेल आणि गोळ्या देण्यात तिचं हित असेल, तर त्यांच्या नकळत गोळ्या देता येतात. कोणी दबाव आणत नाही ना, तिचा जोडीदार वयाने किती मोठा, हे मात्र हळुवारपणे विचारलंच पाहिजे. शरीर तेच, गोळी तीच, आणि कराडमध्ये जे कायद्याने करायला हवं ते मँचेस्टरमध्ये करून चालणार नाही. हे कुठल्याही शरीरशास्त्राच्या पुस्तकात नसतं. म्हणून परीक्षा हवी.

दुसरा नमुना पाहा. चाळिशीच्या ट्रकचालकाला पहिल्यांदाच फिट आली. आपला डॉक्टर सीटी स्कॅन लिहील, गोळ्यांचा विचार करेल. तिथे एवढ्यावर भागत नाही. गाडी चालवणं आजपासून बंद, वाहन परवान्याच्या खात्याला तुम्ही स्वतः कळवायचं, हे त्याला सांगावं लागतं. समोरचा नट इथे चिडतो : माझं घर यावर चालतं, डॉक्टर. आता या चिडलेल्या माणसापुढे थांबायचं असतं. “तुम्हाला नेमकी कसली भीती वाटते आहे?” असं विचारायचं असतं. ज्याने सकाळच्या ओपीडीत शंभर-दीडशे केसपेपर उडवले आहेत, त्याला हा प्रश्न विचारायची सवय कुठून असणार? सवय लावायला मुलं आधी मँचेस्टरला जाऊन राहतात, भाड्याच्या एका घरात पाच-सहा जण, आणि रात्री स्वयंपाकघरात एकजण रुग्ण, एकजण डॉक्टर, तिसरा हातात मोबाईलचं घड्याळ धरून परीक्षक, अशी तालीम चालते. एकांकिका स्पर्धेआधी आपल्या कॉलेजांत चालते तशीच, फक्त इथे तिकीट फार महाग : दुसऱ्या भागाची फी हजार पौंडांच्या घरात, व्हिसा-विमान-भाडं वेगळं.

यातही एक धोका आहे. पाठ केलेली सहानुभूती लगेच ओळखू येते. रुग्णाने वाक्य पुरं करण्याआधीच “आय अॅम सो सॉरी टू हिअर दॅट” म्हणणारे उमेदवार इतके असतात की नटांनाही कंटाळा येत असेल!

प्रश्न : अमेरिकेचं सोपं की अवघड? माझी मुलगी इथे एमडी झाली आहे, तिलाही परीक्षा?
— एक वाचक, लातूर

उत्तर : तिलाही. अमेरिकेत यूएसएमएलई या परवाना परीक्षेच्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीला जानेवारी 2022 पासून गुण मिळत नाहीत, नुसतं पास किंवा नापास. नटांसमोरची परीक्षा तिथेही होती. कोविडमध्ये थांबली ती 2021 मध्ये कायमची बंद झाली. पण खरी अडचण परीक्षेनंतर. बहुतेक राज्यांत तिकडची रेसिडेन्सी नव्याने केल्याशिवाय परवाना नाही, मग इथली एमडी कितीही मानाची असो. टेनेसीने 2023 मध्ये कायदा करून या अटीतून वाट काढली, तेव्हा काही राज्यांत हवा बदलते आहे. तोवर तुमच्या मुलीला पंचविशीतल्या पोरांबरोबर पुन्हा रात्रपाळ्या कराव्या लागतील, याची मनाची तयारी करूनच फॉर्म भरा.

प्रश्न : आपण का नाही असं करत? बाहेरचे डॉक्टर इथे येऊन बिनधास्त दवाखाना थाटतात.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपण करतो, आणि कसून करतो. रशिया, चीन, फिलिपीन्स, जॉर्जिया इथून शिकून येणाऱ्या आपल्याच मुलांना 2002 पासून एफएमजीई ही परीक्षा द्यावी लागते : 300 प्रश्न, पास व्हायला 150. नापासांची संख्या बहुतेक वेळा पास होणाऱ्यांपेक्षा फार मोठी असते. ही परीक्षा नुसती पर्यायी प्रश्नांची आहे. रुग्णाशी बोलता येतं का, हे तिथे कोणी पाहत नाही. मला विचाराल तर मँचेस्टरचे ते नट आपणच उसने आणायला हवेत, आणि परदेशातून आलेल्यांपुरतेच कशाला? ब्रिटनने तेच केलं आहे. आता त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांनाही पदवीबरोबर परवान्याची समान परीक्षा द्यावी लागते आणि 2024 पासून प्लॅबचा अभ्यासक्रमही तिच्याशी जुळवला आहे.

कराडच्या काकांना जाता जाता : प्लॅब पास म्हणजे नोकरी नव्हे. नोंदणी मिळते, जागा स्वतः शोधावी लागते, आणि सध्या एकेका जागेवर अर्जांचा पाऊस पडतो. 2025 मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केलेल्या दहा वर्षांच्या आरोग्य योजनेत प्रशिक्षणाच्या जागांसाठी तिथल्याच पदवीधरांना प्राधान्य द्यायचं ठरलं आहे. पहिला भाग पास झाल्यावर दोन वर्षांत दुसरा पास व्हावा लागतो, आणि त्यानंतर दोन वर्षांत नोंदणी घ्यावी लागते. या धावपळीत महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं दर पाच वर्षांनी करायचं नूतनीकरण आणि त्याला लागणारे 30 क्रेडिट पॉइंट राहून जातात. त्याची तारीख पुतण्याने आजच पाहून ठेवावी.