पाण्यावर ड्रोन नेताना

माळरानावर, शेतावर, गडाच्या पायथ्याच्या पठारावर ड्रोन बिनधास्त फिरवणारी माणसंही जलाशयाच्या काठावर आली की अवघडतात. ड्रोन काठापासून वीस-तीस मीटर आत जातो आणि लगेच मागे वळतो. ही भीती खोटी नाही. जमिनीवर बॅटरी संपत आली, वारा वाढला, ॲप अडकलं, तर ड्रोन आहे तिथे खाली घेता येतो आणि चालत जाऊन उचलता येतो. पाण्यावर ही सोय नाही. तिथे उतरायची जागा एकच, तुमच्या पायाजवळची. त्यामुळे पाण्यावर जायचा धीर परतीच्या हिशेबातून येतो. हा हिशेब एकदा बसला की बाकी सगळं सरावाचं काम आहे.

पाणी ड्रोनला फसवतं कसं, ते आधी समजून घेऊ. आपल्याकडच्या बहुतेक घडीच्या ड्रोनच्या पोटाला छोटे कॅमेरे आणि उंची मोजणारा सेन्सर असतो. जमिनीपासून साधारण दहा मीटरच्या आत असताना ड्रोन खालचे दगड, गवत, फरशीच्या रेघा बघून एका जागी स्थिर राहतो. पाण्यावर ही खूण मिळत नाही. पाणी शांत असेल तर खाली दिसतं ते आभाळ. पाणी हलतं असेल तर सेन्सरला वाटतं जमीनच सरकते आहे, आणि ड्रोन लाटेबरोबर हळूहळू वाहवत जातो. उंचीचा अंदाजही चुकतो. स्टिक न हलवता ड्रोन इंचाइंचाने खाली बसू लागतो. सकाळचं आरशासारखं पाणी, ज्याच्या फोटोसाठी आपण पहाटे उठतो, तेच या सेन्सरसाठी सर्वांत वाईट.

यावर उपाय उंचीचा. शेततळ्यावरचा सराव सोडला, तर सुरुवातीचे बरेच दिवस पाण्यावर दहा मीटरच्या खाली जायचंच नाही. त्या उंचीवर ड्रोन जीपीएसवर आणि हवेच्या दाबावर स्थिर राहतो, पोटाच्या कॅमेऱ्यांवर अवलंबून नसतो. काही मॉडेलमध्ये खालचे सेन्सर ॲपमधून बंद करता येतात. पुढे कधी खालून शॉट घ्यायचा झाला तर ही सोय कुठे आहे ते घरीच शोधून ठेवा आणि उतरण्याआधी सेन्सर आठवणीने पुन्हा चालू करा. एक खूण डोळ्यांनीही ओळखता येते. पात्यांच्या वाऱ्याने पाण्यावर गोल थरथर उठलेली दिसली की ड्रोन फार खाली आलेला आहे. स्क्रीनवरचा आकडा काहीही सांगो, आधी वर घ्या.

सराव मात्र जमिनीवरच सुरू करायचा. गावाबाहेरचं मोकळं मैदान घ्या, दोन टोकांना दगडांच्या खुणा करून शंभर-दीडशे मीटरचा पट्टा आखा आणि तो पाणी आहे असं ठरवून टाका. त्या पट्ट्यावर ड्रोन उतरवायचा नाही, पाच मीटरच्या खाली आणायचा नाही, आणि पाण्यावर पाळायची बॅटरीची मर्यादा (ती पुढे सांगितली आहे) इथेही पाळायची. या खोट्या तळ्यावर तीन गोष्टी अंगवळणी पडू द्या. पहिली, ड्रोनचं तोंड आपल्याकडे असताना डावं-उजवं उलटं होतं. अशा वेळी न अडखळता तो परत आणता आला पाहिजे. दुसरी, स्क्रीनकडे न बघता नुसत्या नजरेने आणणं, कारण भर उन्हात पाण्याच्या लखलखाटात स्क्रीन दिसत नाही. तिसरी, ‘रिटर्न टू होम’चं बटण मुद्दाम दाबून ड्रोन काय करतो ते बघणं आणि मधेच ते रद्द करून सूत्रं आपल्या हाती घेणं. घाबरलेल्या वेळी हे बटण पहिल्यांदा दाबणारा माणूस ड्रोन आधी सरळ वर चढतो हे बघूनच गांगरतो, आणि नेमकं तेव्हाच रद्द करून बसतो.

खऱ्या पाण्याची सुरुवात शेततळ्यापासून करावी, हे माझं ठाम मत आहे. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर तर गावोगाव ही तळी झाली आहेत. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद तळं म्हणजे ड्रोन मधोमध असतानाही कोरडी जमीन पंधरा मीटरवर. ज्याचं शेत आहे त्याला विचारा, कशासाठी उडवताय ते सांगा. शेतकरी बहुधा आनंदाने होकार देतो आणि स्वतःचं रान वरून बघायला शेजारी उभाही राहतो. ड्रोन दहा मीटरवर तळ्याच्या मधोमध आणा, दोन्ही स्टिक सोडा आणि मिनिटभर नुसतं बघा. मग हळूहळू पाच मीटरपर्यंत खाली या. इथे बहुतेकांना पहिल्यांदा दिसतं की आतापर्यंत खिळल्यासारखा उभा असणारा ड्रोन एका बाजूला सरकतो आहे. हे घडताना एकदा शांतपणे बघितलं की पुढे मोठ्या पाण्यावर ते दिसलं तरी छातीत धस्स होत नाही. फक्त तळ्याच्या काठावर जाऊ नका. प्लॅस्टिकच्या अस्तरावर पाय घसरला तर बाहेर यायला धरायला काही नसतं, आणि शेततळ्यांत माणसं दगावली आहेत. कुंपणाबाहेर उभं राहूनही सगळा सराव होतो.

शेततळ्यानंतर गावाचा पाझर तलाव, मग धरणाच्या बॅकवॉटरची एखादी चिंचोळी खाच, मग खाडी आणि शेवटी समुद्र. हा क्रम घाईने उरकू नये. प्रत्येक टप्प्यावर वारा आणि अंतर दोन्ही वाढतात.

वाऱ्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पाण्यावर गेलेल्या ड्रोनला परतीच्या वाटेवर अडवतो तो वाराच. समजा तुमचा ड्रोन सेकंदाला 10 मीटर वेगाने जातो आणि वारा सेकंदाला 6 मीटरचा आहे. वाऱ्याबरोबर गेलात तर 800 मीटर अंतर 50 सेकंदांत कापलं जातं आणि सगळं मजेत चाललंय असं वाटतं. वळलात की तेच अंतर सेकंदाला 4 मीटरने कापायचं आहे: 200 सेकंद, म्हणजे चौपट वेळ. जाताना खर्च झालेली बॅटरी बघून परतीचा अंदाज बांधणारे इथे फसतात. म्हणून पाण्यावर पहिला पल्ला नेहमी वाऱ्याच्या तोंडावर घ्यायचा. जाताना ड्रोन रखडतो, पण परतताना वारा पाठीशी असतो.

कोकण किनाऱ्यावर हा नियम घड्याळाशी जोडून बघावा लागतो. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे इथे प्रत्यक्ष उपयोगी पडतात. पहाटे आणि सकाळी लवकर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मंद असतो, म्हणून सकाळ सुरक्षित वाटते. पण तो ड्रोनला किनाऱ्यापासून दूर ढकलणारा वारा आहे, त्यामुळे सकाळी समुद्रात आत जाताना जपून. दुपारी खारे वारे सुरू होतात. ते ड्रोनला किनाऱ्याकडे आणतात खरे, पण जोर इतका वाढतो की नवख्याने त्या वेळी उडवूच नये. सगळ्यांत सोपी वेळ या दोहोंच्या मधली, सकाळी ऊन चढल्यावर वारा पडतो तेव्हाची. लाटांच्या माथ्यावर जागोजागी पांढरा फेस दिसू लागला, तर वारा ताशी वीस किलोमीटरच्या पुढे गेला असं समजा आणि ड्रोन बॅगेतच राहू द्या. बऱ्याच छोट्या ड्रोनच्या माहितीपत्रकात सेकंदाला 10.7 मीटर वाऱ्यापर्यंत टिकतो असं लिहिलेलं असतं. ती त्याची शेवटची मर्यादा आहे, रोजच्या वापराची नव्हे. शिवाय काठावर गालाला लागणाऱ्या वाऱ्यापेक्षा पन्नास मीटरवरचा वारा जोरकस असतो. आत नेण्याआधी ड्रोन डोक्यावर सरळ पन्नास मीटर वर न्या आणि स्टिक सोडून तो किती कलतो ते बघा. तिरका होऊन झगडत असेल, तर आजचं उड्डाण इथेच संपवा.

बॅटरीचा माझा नियम कडक आहे: निम्मी उरली की तोंड काठाकडे, आणि तीस टक्के असताना ड्रोन जमिनीवर. शॉट कितीही चांगला चालला असो. छोटा ड्रोन तीन-चारशे मीटरनंतर नजरेला ठिपका होतो, आणि नियमांप्रमाणेही तो नजरेच्या टप्प्यात हवा. तेवढ्या अंतरात हे गणित आरामात बसतं.

पवना जलाशयाच्या बाजूच्या डोंगरांवरून खालच्या पाण्याचं दृश्य फार देखणं दिसतं, आणि तिथून ड्रोन पाण्यावर सोडायचा मोह होतो. तेव्हा एवढं लक्षात असू द्या की स्क्रीनवरची उंची तुम्ही जिथून उडवला तिथून मोजलेली असते. ड्रोन खाली उतरला की आकडा शून्याच्या खाली जातो आणि पाण्यापासून खरी उंची किती ते त्यावरून कळत नाही. कड्याच्या आड गेला की सिग्नल तुटतो. परतताना डोंगरभर उंची चढायची असते, ती बॅटरी खाते. सराव होईपर्यंत पाण्याच्या काठावरूनच उडवलेलं बरं. आणि कुठूनही उडवा, ‘रिटर्न टू होम’ची उंची आजूबाजूच्या सगळ्यांत उंच झाडापेक्षा आणि टेकाडापेक्षा जास्त ठेवा. ती नियमाच्या मर्यादेत बसत नसेल, तर जागा बदला.

होम पॉइंट, म्हणजे ड्रोन आपोआप परततो ती जागा, नोंदला गेल्याचा संदेश आल्याशिवाय काठ सोडायचा नाही. आपोआप परतणारा ड्रोन मीटर-दोन मीटर इकडेतिकडे उतरू शकतो, म्हणून पाण्यातला खडक, अरुंद धक्का, बांधाची भिंत या जागा टाळा. पुळणीवर भरतीच्या रेषेच्या बऱ्याच वर, कोरड्या जागी ताडपत्री किंवा लँडिंग पॅड अंथरा. कोकणात रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी, लोहयुक्त वाळू सापडते. तिचे कण मोटरमधल्या चुंबकाला चिकटून बसतात. कंपास कॅलिब्रेट करताना लोखंडी जेट्टी, धरणाचे दरवाजे, किल्ल्यावरच्या तोफा यांच्यापासून दूर उभे राहा.

होडीतून उडवणं हा वेगळाच विषय आहे आणि काठावरून पुरेसा सराव झाल्याशिवाय त्यात पडू नये. होडी सरकत राहते, पण होम पॉइंट पाण्यातल्या जुन्या जागीच राहतो. बटण दाबलंत तर ड्रोन इमानदारीने तिथे जाऊन पाण्यात उतरेल. होम पॉइंट रिमोटच्या जागेवर पुन्हा पुन्हा नोंदवावा लागतो आणि ड्रोन हातात झेलावा लागतो. तांडेलाला आधी सांगून इंजिन बंद करून घ्या.

पक्षी आले तर ड्रोन सरळ वर चढवा आणि परत या. घारी आणि समुद्री गरुड वरून झडप घालतात, वर चढणाऱ्या वस्तूमागे त्यांना जाणं अवघड जातं. त्यांच्या विणीच्या काळात, भिगवणला रोहित पक्ष्यांच्या थव्यांवर, वेळास-आंजर्ल्याला कासवांची पिल्लं समुद्राकडे निघाली असताना ड्रोन उडवूच नका. आपल्या एका शॉटसाठी अख्खा थवा उठतो, हे मला मान्य नाही.

परवानग्यांचं नीट बघून निघा. ड्रोन नियम 2021 प्रमाणे ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर लाल, पिवळे आणि हिरवे पट्टे आहेत. हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत उडवता येतं, विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच. 2 किलोपर्यंतचा ड्रोन हौसेसाठी उडवणाऱ्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, पण 250 ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला त्रयस्थ पक्षाचा विमा हवा. नकाशा हिरवा असला तरी काम संपत नाही. धरणाची भिंत सुरक्षेच्या दृष्टीने संवेदनशील असते. खडकवासल्याच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) आहे, तिथे ड्रोन बाहेर काढू नये. बामणोलीहून वासोट्याला जाताना तुम्ही कोयना अभयारण्यात असता, रतनगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो; दोन्हीकडे वनखात्याची परवानगी लागते. जंजिरा, सिंधुदुर्ग ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं आहेत. पोलिसांचे तात्पुरते मनाई आदेशही असतात, म्हणून जवळच्या ठाण्यात आधी विचारलेलं चांगलं. आणि घाटावर कपडे धुणाऱ्या, पोहणाऱ्या माणसांवर कॅमेरा नेऊ नका.

समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने ड्रोन पुसा, मग कोरड्या फडक्याने. खारी हवा मोटरचं बेअरिंग आणि जोडण्या गंजवते, आणि त्याचा पत्ता महिन्याभराने लागतो.

एवढं करूनही ड्रोन पाण्यात पडू शकतो. काठाजवळ पडून हाती लागला तर तो सुरू करून बघू नका. बॅटरी काढा, उघड्यावर, पेटण्यासारख्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि पुन्हा कधी वापरू नका. खाऱ्या पाण्यात भिजलेली लिथियम बॅटरी नंतरही पेटू शकते. आणि लांब पडला असेल, तर तो गेला. धरणाच्या पाण्यात गाळ असतो, बुडालेल्या झाडांची खोडं-फांद्या असतात, काठ एकदम खोल होतो. तुमच्याबरोबरचा मित्र कितीही चांगला पोहणारा असो, त्याला ड्रोनमागे पाण्यात उतरू देऊ नका.