प्रिंटरआधी कागद

मोठा फोटो प्रिंटर घ्यायचा म्हणून ओळखीचे फोटोग्राफर फोन करतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : २४ इंची घ्यावा की ४४ इंची? मी उलट विचारतो, छापणार कशावर? बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. यंत्रात शाया किती, वेग किती, हे तोंडपाठ असतं; कागद मात्र ‘बाजारात मिळेल तो’. रत्नागिरीत बसून प्रदर्शनांचे फोटो आणि चित्रकारांच्या चित्रांच्या प्रती छापताना माझं मत पक्कं झालंय की या धंद्यात पैसे बुडतात ते कागदापायी. म्हणून प्रिंटर निवडायचा तो कागद ठरवून, आणि आपल्या गावची हवा ध्यानात घेऊन.

आधी रुंदीचं गणित. १७ इंची यंत्रात ए-२ मापाचा सुटा कागद उभा जातो आणि पुष्कळांना तेवढं पुरतं. या मापात कॅननचा प्रो-१००० सुट्या कागदावरच छापतो, त्याला रोल लावता येत नाही. एप्सनच्या पी-९०० ला रोलचं युनिट वेगळं घेऊन जोडता येतं. २४ इंची रोल म्हणजे ६१० मिलिमीटर. ए-२ ची लांब बाजू ५९४ मिलिमीटर, म्हणजे फोटो आडवा टाकला की रोलच्या लांबीतले ४२० मिलिमीटर आणि थोडा समास एवढंच खर्ची पडतं. ३० मीटरच्या रोलमधून वाया जाणारं धरूनही साठाच्या वर प्रिंट निघतात. सुट्या कागदापेक्षा हे स्वस्त पडतं, पण रोल वेळेत संपत असेल तरच. वर्षाकाठी मोजके मोठे प्रिंट काढणाऱ्याने सुटेच कागद घ्यावेत. रोल जसजसा गाभ्याकडे जातो तसतसा कागदाला बाक जास्त बसतो, आणि वर्षभर रेंगाळलेल्या रोलची ती शेवटची काही मीटर सरळ करता करता जीव मेटाकुटीला येतो.

४४ इंचीचा मोह तर फारच वाईट. चिपळूणच्या एका मित्राने असा वापरलेला प्रिंटर स्वस्तात मिळतोय म्हणून घेतला. स्टँडसकट शंभर किलोच्या पुढचं धूड, जिन्याच्या वळणावर अडकलं, शेवटी खालच्या गाळ्यात ठेवावं लागलं. ते असो. खरा घोटाळा पुढे होता. विकणाऱ्याकडे यंत्र कित्येक महिने बंद पडून होतं आणि हे त्याने सांगितलं नव्हतं. शाई फवारणाऱ्या हेडमध्ये शाई वाळलेली. साफसफाईच्या प्रत्येक फेरीत महागडी शाई टाकाऊ टाकीत जायची, आणि नोझल चेकच्या, म्हणजे शाई नीट उतरते का ते दाखवणाऱ्या चाचणीच्या, रेषा तुटक त्या तुटकच. एप्सनची हेड पिएझो जातीची, यंत्राच्या आयुष्यभरासाठी बसवलेली; बदलायचं तर कंपनीचा माणूस आणि भलामोठा खर्च. कॅनन आणि एचपी यांच्या या वर्गातल्या यंत्रांत हेड उष्णतेवर चालतं, झिजतं, पण आपलं आपल्याला बदलता येतं. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. तुम्ही रोज छापणार की महिन्यातून एकदा, यावर निवड करा. आणि वापरलेलं यंत्र घेताना आपल्या डोळ्यांदेखत नोझल चेक काढून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

शाईबद्दल थोडक्यात. नव्या यंत्रासोबत येणारी कार्ट्रिज बऱ्याचदा पूर्ण भरलेली नसतात आणि सुरुवातीला त्यातली बरीच शाई नळ्या भरण्यात जाते. तेव्हा किमतीत शाईचा पुढचा संच आणि मेंटेनन्स कार्ट्रिज धरूनच हिशेब मांडा. मॅट आणि ग्लॉसी दोन्ही कागद वापरणार असाल तर दोन काळ्या शायांना वेगवेगळे नोझल आहेत का, हे विचारा. जुन्या यंत्रांत एकीवरून दुसरीवर जाताना दर वेळी शाई वाया जायची.

आता हवा. जून ते सप्टेंबर कोकणात सगळंच सादळतं, आणि कागदाला तर ओल शोषण्याचीच सवय. त्यातही कॉटन रॅग, म्हणजे सुती कागद. एका जुलैत ३०८ जीएसएम जाडीच्या रॅगचा रोल रात्रभर स्पिंडलवर राहिला. सकाळी पुढची कड दोन्ही कोपऱ्यांना बोटभर वर उचललेली होती. ओळींमागून ओळी उमटू लागल्या आणि खर्र असा आवाज आला. हेड कडेला घासलं होतं. समुद्रावरच्या आकाशात काळपट ओरखडा उठला, कोपरा चुरगळला, आणि पुढच्या नोझल चेकमध्ये दोन रंगांच्या रेषा अर्धवट. सुदैवाने एका साफसफाईत हेड सुटलं. कुणाकुणाचं सुटत नाही.

तेव्हापासून पावसाळ्यात काम संपलं की रोल उतरतो. पट्टीने घट्ट बांधून, मूळ पिशवीत घालून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आडवा खोक्यात ठेवायचा. रोल उभा कधी करू नये. कड दबली की तो वाकडा सरकतो आणि यंत्र पुन्हा पुन्हा बाहेर फेकतं. नवा रोल आणला तर पिशवी न फोडता तो छपाईच्या खोलीत दिवसभर पडू द्यावा, मग उघडावा. खोलीत आर्द्रतामापक हवाच. अगदी साधा चालतो. ४० ते ६० टक्के ही कामाची जागा. त्याच्या वर कागद फुगतो आणि रंग सावकाश सुकतात, खाली गेलं तर नोझल वाळतात आणि कागद धूळ ओढतो. एसी कामापुरता लावून बंद केला तर हवा वरखाली होत राहते. त्यापेक्षा ओल शोषणारं यंत्र सतत चालू ठेवणं मला परवडलं.

रोल लावताना दोन्ही बाजूंच्या चकत्या कागदाला अगदी भिडल्या पाहिजेत, मध्ये फट नको. गाभा दोन इंची की तीन इंची हे पाहूनच रोल मागवावा. जाड कागदाला हेड आणि कागद यांतलं अंतर वाढवून घ्यावं. बारकावे किंचित मऊ होतात, पण हेड वाचतं. कॅनव्हासला यंत्रातला कटर लावू नये, हाताने कापावं. प्रिंटचा बाक काढायला मी तीन इंची नळीवर तो उलटा गुंडाळतो, छापलेली बाजू आत, वर मऊ कागद, आणि थोड्याच वेळात सोडतो. घाई करून घट्ट आवळलं तर रॅगवर बारीक भेगा पडतात.

सुट्या कागदाचे लाड वेगळे. सुती हातमोजे घालायचे आणि कागद दोन कोपरे धरून उचलायचा, नाहीतर मध्ये पडलेली चुणी जात नाही. छपाईची बाजू ओळखायला कोपऱ्याला किंचित ओलं बोट लावावं. चिकटते ती लेप दिलेली बाजू. रॅगवरून मऊ ब्रश जरूर फिरवावा. सुताचा कण चिकटलेला असला तर त्याच्यावरच छपाई होते, मग तो गळून पडतो आणि काळ्या केसांत पांढरा ठिपका उरतो. नवा कागद म्हणजे रंगांचा नवा प्रोफाइल; कागद बदलून प्रोफाइल जुनाच ठेवला तर त्वचेचे रंग हमखास बिघडतात. आणि प्रिंट काढल्या काढल्या फ्रेमवाल्याकडे पाठवू नका. निदान एक दिवस उघड्यावर सुकू द्या, नाहीतर काचेला आतून धुरकट थर धरतो.

विजेचं म्हणाल तर प्रिंटरला इन्व्हर्टर किंवा यूपीएस हवाच. छपाई चालू असताना लाइट गेली की हेड टोपणाबाहेर उघडं राहतं आणि वाळतं. यंत्र बंद करायचं तेही त्याच्या स्वतःच्या बटणाने, भिंतीवरच्या नाही. बटणाने बंद केलं की ते हेड जागेवर नेऊन झाकतं. काम नसलं तरी आठवड्याला एक छोटा रंगीत प्रिंट काढत राहा.

एवढं सांगूनही कुणी विचारतं, मग नेमका कोणता घेऊ? त्याला माझं उत्तर असं : तुमचा स्वतःचा फोटो पेनड्राइव्हवर घ्या, तुम्ही वापरणार तोच कागद बगलेत मारा, आणि विक्रेत्याला तोच त्यावर छापून दाखवायला सांगा. तो फक्त त्याच्याकडचा ग्लॉसी कागद आणि त्याचाच नमुना फोटो पुढे करत असेल, तर तिथून घेऊ नका.