कासव हाती घेण्याआधी

माझ्या नात्यातलं एक कुटुंब पुण्याच्या उपनगरात राहतं. मुलाच्या वाढदिवसाला आत्यानं मत्स्यालयाच्या दुकानातून कासवाचं एक पिल्लू आणलं. हिरवीगार पाठ, मानेवर पिवळ्या रेघा, डोळ्यामागे लाल पट्टा. "हे एवढंच राहतं, फार काही करावं लागत नाही," असं दुकानदारानं सांगितलं होतं. आजींना तर कोण आनंद. देवळाच्या सभामंडपात ज्याला नमस्कार करून आपण गाभाऱ्याकडे जातो, ते घरी चालत आलं होतं.

पिल्लू वाढत गेलं आणि भांडं पुरेना. पुढे त्याचे डोळे सुजले, पाठ मऊ पडली, खाणं सुटलं. मग वडिलांनी ठरवलं की आता याला त्रास नको, एकादशीला तळ्यात सोडून येऊ. त्याआधी एकदा दाखवून घेऊ म्हणून ते पशुवैद्यांकडे गेले, हे त्या कासवाचं आणि त्या तळ्याचंही नशीब. त्या दवाखान्यात मीही सोबत होते. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "हे कुठलं कासव आहे, माहीत आहे का?" घरातल्या कुणालाच ते माहीत नव्हतं, आणि सगळ्या आजाराचं मूळ तिथेच होतं.

ते होतं रेड इअर्ड स्लायडर, अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. 1989 ते 1997 या काळात अमेरिकेतून या जातीची पाच कोटींहून अधिक कासवं जगभर पाठवली गेली. विकताना ती जेमतेम चार-पाच सेंटिमीटरची असतात. मादी मात्र पंचवीस सेंटिमीटरच्याही पुढे वाढते आणि नीट सांभाळली तर तीस वर्षंही जगते. म्हणजे वाढदिवसाची ती भेट मुलाचं लग्न होईपर्यंत घरात राहणार होती. हे विकणाऱ्यानं सांगायलाच हवं, असं मला वाटतं.

या कासवाला पोहायला भरपूर पाणी लागतं, आणि पाण्याबाहेर येऊन अंग शेकायला कोरडी जागाही लागते. ऊन काचेतून आलेलं चालत नाही, कारण उन्हातल्या ज्या अतिनील किरणांमुळे त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं, ते खिडकीची काच अडवते. हे जीवनसत्त्व मिळालं नाही की कॅल्शियम अंगी लागत नाही आणि पाठ मऊ पडते. ही पाठ वरून चढवलेलं कवच नसून त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा मिळून बनलेलं हाड आहे. सुजलेल्या डोळ्यांचं कारण वेगळं होतं. रोज नुसती सुकी कोळंबी खाऊन अ जीवनसत्त्व कमी पडलं होतं. त्या घरात आता मोठी टाकी आहे, गाळणयंत्र आहे, अतिनील किरणांचा दिवा आहे, आणि कासव हाताळल्यावर साबणानं हात धुण्याची सक्ती आहे. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुलं आजारी पडू लागल्यामुळे अमेरिकेनं 1975 साली चार इंचांहून लहान पाठीच्या कासवांच्या विक्रीवरच बंदी घातली.

तळ्यात सोडण्याचा बेत डॉक्टरांनी साफ मोडून काढला. स्लायडर हे जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत आहे. आपल्या तळ्यांतल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा ते बळकावतं, रोगही पसरवतं. युरोपीय संघानं 1997 मध्ये त्याची आयात थांबवली. केरळच्या पाणवठ्यांतही ही कासवं सापडू लागली आणि तिथल्या वन संशोधन संस्थेला, पाळलेली कासवं बाहेर सोडू नका, आमच्याकडे आणून द्या, असं लोकांना सांगावं लागलं. देवाचं नाव घेऊन सोडलं तरी तळ्याचं नुकसान तेवढंच होतं.

याच्या नेमकं उलट झालेलं एक प्रकरण माझ्या मनातून जात नाही. ओळखीच्या एका घरात कुणीतरी स्टार कासव आणून दिलं. काळ्या उंचवट्यांवर पिवळ्या चांदण्या असलेलं, दिसायला फारच देखणं. कासव म्हणजे पाण्यातलं, या समजुतीनं ते माशांच्या टाकीत ठेवलं गेलं आणि सकाळी मेलेलं मिळालं. स्टार कासव कोरड्या झुडपी रानातलं आहे. पाय खांबासारखे, बोटांना पडदे नाहीत. त्याला पोहताच येत नाही. गवत, पाला, फुलं खाणारा हा प्राणी खोल पाण्यात बुडून मरतो.

आणि तो घरात ठेवणं हा गुन्हाही आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा किमान तीन वर्षं तुरुंगवासाची, सातपर्यंत वाढू शकणारी, आणि दंड पंचवीस हजारांपेक्षा कमी नाही. 2019 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही कडक बंदी आहे. एवढं असून त्याची तस्करी थांबलेली नाही. आंध्र-कर्नाटकच्या सीमाभागातल्या एकाच ठिकाणाहून वर्षाला किमान 55,000 कासवं रानातून उचलली जात असल्याचं संशोधकांना 2015 मध्ये आढळलं होतं. त्यातली किती वाटेतच मरत असतील, याचा विचारही करवत नाही.

आपल्या विहिरींत, भाताच्या खाचरांत दिसणारं मऊ पाठीचं फ्लॅपशेल कासवही याच कायद्याखाली येतं. नदीतलं लीथचं मऊ पाठीचं कासव तर दक्षिण भारतीय द्वीपकल्पाबाहेर कुठेच नाही. 1872 मध्ये शास्त्रीय नोंद झालेला त्याचा नमुना पुण्याचा होता, आणि आज ते नष्ट होण्याच्या काठावर आहे. स्टार आणि फ्लॅपशेल कासवांना पैशांच्या पावसाच्या भोंदूगिरीचाही धोका आहे. 'वीस नखी कासव' मिळवून देतो म्हणून फसवणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या आपण वाचतोच. स्टार कासवाला पुढच्या पायांवर पाच-पाच आणि मागच्या पायांवर चार-चार अशी अठरा नखं असतात. फ्लॅपशेलला प्रत्येक पायावर तीन, म्हणजे बाराच. नखं मोजायला कुणी कासव मागत आला, तर त्याची खबर थेट पोलिसांना किंवा वन विभागाला द्यावी. घरातल्या मोठ्यांशी वाद घालत बसण्यापेक्षा हा आकडा त्यांना सांगितलेला जास्त उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे.

सुटका केलेलं किंवा सापडलेलं कासव जवळच्या रानात सोडून देणं हीसुद्धा चूक ठरते. वेगवेगळ्या प्रदेशांतल्या स्टार कासवांचे वंश वेगळे आहेत, आणि बंदिवासात जडलेला आजार रानातल्या कासवांना लागू शकतो. हे काम वन विभागाचं आहे. महाराष्ट्रात 1926 या क्रमांकावर फोन करावा. तोवर जमिनीवरच्या कासवाला हवेशीर खोक्यात, सावलीत, कोरड्या जागी ठेवावं. ते कुठलं हे ओळखू आलं नाही, तर पाण्यात टाकू नये.

कोकणाची गोष्ट आणखी निराळी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 पासून ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, आणि पिल्लं नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. त्यामुळे घरटं दिसलं तर स्वतः उकरून अंडी हलवू नयेत, गावातल्या कासवमित्रांना कळवावं.

पावसाळ्यात मात्र किनाऱ्याला जखमी कासवं लागतात. सोडून दिलेल्या जाळ्यांत अडकून कित्येकांचे वल्ह्यांसारखे पाय कापलेले असतात. पर्यटक आणि गावची मुलं मिळून त्यांना कळवळ्यानं पुन्हा समुद्रात ढकलतात, आणि दमलेलं कासव बुडतं, कारण श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं. त्याला किनाऱ्यावरच सावली करावी. पाठीवर ओलं फडकं घालावं, नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात. तोंडात पाणी ओतू नये, पाय धरून ओढू नये, भोवती गर्दी होऊ देऊ नये. 1926 वर फोन करून किनाऱ्याचं नाव, जवळची खूण आणि जखम कुठे आहे ते सांगावं. डहाणूला अशा कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे. कासवाला कुठे न्यायचं ते वन विभागाची माणसं ठरवतील. ती येईपर्यंत एकानं तरी तिथेच थांबावं, कारण भटकी कुत्री जखमी कासवाला सोडत नाहीत.