घर कोठे घ्यावे?

घर शोधायला निघालेली मोठी माणसे काय विचारतात, ते तुम्ही ऐकले असेल. भाडे किती? अनामत किती? पाणी केव्हा येते? हे प्रश्न योग्यच आहेत. पण येथून कामावर जायला किती वेळ लागतो, हे पुष्कळ जण घर घेतल्यावर मोजतात. (मराठीत 'वेळ लागला' म्हणतात, पण 'शाळेची वेळ झाली'. पहिला वेळ मोजायचा असतो, दुसरी घड्याळात पाहायची असते.)

चला, आपण हिशेब करू. समजा, एका गृहस्थाची नोकरी मुंबईत मशीद बंदरला आहे. भायखळ्याला त्याला एक लहान खोली मिळते. तेवढ्याच भाड्यात मुंब्र्याला दोन खोल्या मिळतात. तो मुंब्र्याला राहायला जातो. स्टेशनपर्यंतचे चालणे, गाडीची वाट पाहणे, प्रवास, असे सगळे मिळून दीड तास धरा. जाऊन-येऊन तीन तास झाले. महिन्याचे पंचवीस दिवस कामाचे, म्हणजे ७५ तास. वर्षाचे ९०० तास! भायखळ्याहून जाण्या-येण्यास रोज एक तास पुरला असता. वर्षाचे ३०० तास. फरक ६०० तासांचा. त्याला २४ ने भागा. वर्षातले पूर्ण पंचवीस दिवस, तेही रात्र धरून, त्याने भाड्याखेरीज दिले. मुले झोपेत असताना तो निघतो आणि ती झोपल्यावर परततो.

पूर्वी लालबाग-परळच्या चाळीतला कामगार भोंगा ऐकला की पायीच गिरणीत जात असे. मालेगावात आजही कित्येक विणकरांचे घर आणि माग लागूनच असतात. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे हा ३४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग सुरू झाला. रेल्वे वाढत गेली, तसे मुंबईचे घर आणि काम एकमेकांपासून दूर गेले.

मग मुंब्र्याला राहूच नये काय? तसे मुळीच नाही. हातात पैसेच नसतील तर निवड कसली? शिवाय एका खोलीत सहा माणसे असली, तर अभ्यासाला कोपरा मिळत नाही. त्या कोपऱ्यालाही किंमत आहे.

मात्र हिशेब एकट्या अब्बांचा करू नये. नव्या घरापासून शाळा लांब असली, तर मुलगा बसने जातो. मुलीबद्दल मात्र घरात विचार सुरू होतो. काही मुलींची शाळा सातवीनंतर सुटते. त्याचे कारण दरवेळी फी नसते. कधी ते शाळेचे अंतर असते. म्हणून घर ठरवण्यापूर्वी शाळेची वाट एकदा पायी चालून पाहावी, आणि मुलीला बरोबर घ्यावे.

आज घरी एक कोरा कागद घ्या. घरातील प्रत्येकाचे नाव लिहा आणि नावापुढे रोजच्या जाण्या-येण्याची मिनिटे मांडा. अम्मीचे बाजारात आणि दवाखान्यात जाणेही लिहा. ते बहुधा लिहायचे राहून जाते.