इंग्लंडच्या पाऊलवाटा : पदभ्रमणाची सुटी आणि वाटेचा हक्क

पर्यटन म्हटले की प्रेक्षणीय स्थळे, गाड्यांची आरक्षणे आणि मोठमोठी हॉटेले डोळ्यांसमोर उभी राहतात. इंग्लंडच्या ग्रामीण भागात मात्र पर्यटनाचा एक अगदी साधा प्रकार चांगला रुजला आहे. तो म्हणजे पायी चालण्याची सुटी. हातात नकाशा, पाठीवर लहानशी पिशवी आणि संध्याकाळच्या मुक्कामाचे गाव ठरलेले, एवढ्या तयारीवर कुटुंबेच्या कुटुंबे आणि साठी ओलांडलेली मंडळीही आठवडाभर शेताशिवारातून चालत असतात. सोबत वाटाड्या नसतो आणि त्याची गरजही भासत नाही. या निवांत सुटीमागे निसर्गसौंदर्य तर आहेच. पण त्याबरोबरच एक कायदा, एक नकाशा आणि गावोगावी झालेले दप्तरी कामही आहे. त्या व्यवस्थेचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

सुटीचे स्वरूप

या प्रकाराचे एक चांगले उदाहरण म्हणजे ‘कॉट्सवोल्ड वे’ हा मार्ग. नैर्ऋत्य इंग्लंडमधील चुनखडीच्या टेकड्यांच्या कडेकडेने तो चिपिंग कॅम्पडेन या गावापासून बाथ शहरापर्यंत जातो. त्याची लांबी १०२ मैल, म्हणजे सुमारे १६४ किलोमीटर आहे. २००७ साली त्याला राष्ट्रीय मार्गाचा दर्जा मिळाला. चिपिंग कॅम्पडेनच्या मुख्य रस्त्यावर १६२७ साली बांधलेली बाजाराची दगडी इमारत आजही उभी आहे. मध्ययुगात लोकरीच्या व्यापारावर संपन्न झालेल्या या प्रदेशात लहान गावांतूनही भव्य चर्चे दिसतात. वाटेत हेल्सच्या प्राचीन मठाचे अवशेष लागतात आणि बेलस नॅप हे नवाश्मयुगीन दफनस्थळही लागते. क्लीव्ह हिल ही या टेकड्यांतील सर्वांत उंच जागा सुमारे ३३० मीटर उंचीची आहे. यावरून ही चाल गिर्यारोहणाची नाही, हे ध्यानात येईल.

सर्वसाधारण माणूस रोज १५ ते २० किलोमीटर चालून आठ-दहा दिवसांत हा मार्ग पुरा करतो. मुक्काम गावातील घरगुती निवासात किंवा जुन्या सराईत होतो. तेथे रात्रीची सोय आणि सकाळची न्याहारी मिळते. जड सामान एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामी गाडीने पोहोचविणारे व्यावसायिक आहेत. अशा रीतीने चालणाऱ्याचा पैसा घरमालकीण, सराईवाला, गाडीवाला आणि गावचा दुकानदार यांच्यात वाटला जातो. मोठे भांडवल न गुंतविता खेड्यात उत्पन्न आणणारा हा व्यवसाय आहे.

वाट कोणाची?

येथे एक प्रश्न साहजिकच पडतो. या वाटा ज्या शेतांतून आणि कुरणांतून जातात, ती बहुतांशी खाजगी मालकीची आहेत. मग परक्या माणसाने तेथून जावे कसे? याचे उत्तर इंग्लंडच्या जुन्या कायद्यात आहे. जमीन मालकाचीच राहते. परंतु तीवरून जाण्याचा हक्क सर्व जनतेचा असतो. बाजाराला, चर्चला किंवा गिरणीला जाणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी हे हक्क निर्माण झाले. एखाद्या वाटेचा वापर जनतेने सलग वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि विनाहरकत केला असेल, तर मालकाने ती सार्वजनिक वापरासाठी दिली असे कायदा गृहीत धरतो. हे तत्त्व १९३२ च्या अधिनियमात आले आणि १९८० च्या महामार्ग अधिनियमात कायम राहिले. एकदा सार्वजनिक झालेली वाट केवळ वापर थांबला म्हणून नाहीशी होत नाही, हेही तेथील मान्य तत्त्व आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील कलम १४३ परिचित आहे. त्यानुसार शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी बांधावरून रस्ता मागता येतो. इंग्लंडमधील हक्क याहून वेगळा आहे. तो कोणा एका जमीनधारकाचा नसून वाटेने येणाऱ्या प्रत्येकाचा आहे. मग तो गावचा असो वा परमुलुखातला.

नकाशा कसा तयार झाला?

हक्क होता, परंतु त्याची एकत्रित नोंद नव्हती. त्यामुळे तंटे होत. उघड्या माळरानांवर फिरण्याची मागणीही जोर धरीत होती. २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउट या शिकारीसाठी राखलेल्या माळावर शेकडो कामगार तरुण मुद्दाम चालत गेले. रखवालदारांशी झालेल्या झटापटीनंतर त्यांपैकी पाच जणांना तुरुंगवास झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ साली राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण भागात प्रवेश यासंबंधीचा अधिनियम संमत झाला. लांब पल्ल्याच्या मार्गांची तरतूद त्यातच होती. ४३१ किलोमीटर लांबीचा ‘पेनाइन वे’ हा पहिला मार्ग १९६५ साली खुला झाला.

याच अधिनियमाने प्रत्येक जिल्ह्यातील सार्वजनिक वाटांचा ‘निश्चित नकाशा’ तयार करणे बंधनकारक केले. त्याचे प्राथमिक काम बहुतेक ठिकाणी पॅरिश कौन्सिलांनी केले. पॅरिश कौन्सिल ही तेथील सर्वांत खालच्या स्तरावरील लोकनियुक्त संस्था होय; तिची स्थापना १८९४ च्या कायद्याने झाली. गावातील माहीतगार मंडळींनी वाटा पायी तुडवून त्यांची वर्णने लिहून दिली. मग मसुदा प्रसिद्ध झाला, हरकती ऐकल्या गेल्या आणि नकाशा कायम झाला. या नकाशावर दाखविलेली वाट हा हक्काचा निर्णायक पुरावा मानला जातो. आज इंग्लंड व वेल्स मिळून अशा वाटांची लांबी सुमारे २,२५,००० किलोमीटर भरते. १७९१ साली स्थापन झालेली ऑर्डनन्स सर्व्हे ही सरकारी मोजणी संस्था या वाटा आपल्या नकाशांवर छापते. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावरील तुटक हिरव्या रेषा पाहून परका माणूसही वाट शोधू शकतो.

देखभालीची वाटणी

नकाशावरील रेषा जमिनीवरही टिकली पाहिजे. त्यासाठी कामाची वाटणी अशी आहे :

(१) वाटेचा पृष्ठभाग सांभाळणे आणि ती डांबरी रस्त्यापासून फुटते तेथे मार्गदर्शक पाटी लावणे ही स्थानिक महामार्ग प्राधिकरणाची जबाबदारी आहे.

(२) कुंपणातील फाटके आणि कुंपण ओलांडण्याच्या पायऱ्या जमीनमालकाने दुरुस्त ठेवावयाच्या असतात. त्या खर्चाचा किमान चौथा हिस्सा त्याला प्राधिकरणाकडून मागता येतो.

(३) शेताच्या कडेची वाट नांगरता येत नाही. शेताच्या मधून जाणारी वाट अपरिहार्य असल्यास नांगरता येते. मात्र पेरणीसाठी पहिल्यांदा नांगरल्यापासून १४ दिवसांच्या आत ती किमान एक मीटर रुंदीची पूर्ववत करून द्यावी लागते. वाटेवर पीक वाढू देणे हा गुन्हा आहे.

(४) पॅरिश कौन्सिलला इच्छा असल्यास आपल्या हद्दीतील वाटांची देखभाल करता येते. स्वयंसेवकांचाही मोठा हातभार लागतो. कॉट्सवोल्ड भागात १९६८ पासून स्वयंसेवी रक्षक हे काम करीत आले आहेत.

(५) चालणाऱ्यानेही पथ्ये पाळावयाची असतात. फाटक जसे सापडले तसेच ठेवणे, कचरा परत नेणे, गुराढोरांजवळ कुत्रा बांधून धरणे, ही त्यांपैकी काही होत.

दिशादर्शनासाठी खांबांवर बाण असतात. पिवळा बाण पादचाऱ्यांच्या वाटेचा, तर निळा घोडेस्वार व सायकलस्वार यांनाही खुल्या असलेल्या वाटेचा असतो. राष्ट्रीय मार्गावर ओकच्या फळाचे चिन्ह असते.

वाटा बंद झाल्या तेव्हा

या वाटांचे मोल २००१ साली सर्वांना कळून आले. त्या वर्षी फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये जनावरांत लाळ्या-खुरकुताची साथ पसरली. संसर्ग रोखण्यासाठी स्थानिक संस्थांनी सरसकट पाऊलवाटा बंद केल्या. ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. शेतकऱ्यांची हानी उघड दिसत होती. परंतु राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २००२ च्या अहवालाने दाखवून दिले की, सर्वांत मोठा आर्थिक फटका पर्यटनाला बसला होता आणि वाटा सरसकट बंद करणे हे त्याचे एक कारण होते. ज्या गावांत एकही जनावर आजारी नव्हते, तेथील सराया आणि घरगुती निवासही ओस पडले.

हरवलेल्या वाटा

या व्यवस्थेत एक उणीव राहून गेली आहे. पहिल्या सर्वेक्षणात काही पॅरिशांनी प्रत्येक वाट नोंदविली, तर काहींनी मोजक्याच नोंदविल्या. परिणामी काही वाटा नकाशावर गावच्या शिवेपर्यंत येतात आणि तेथेच संपतात. कारण शेजारच्या गावाने आपला भाग कळविलाच नाही. २००० साली झालेल्या अधिनियमाने अशा जुन्या वाटांच्या नोंदीसाठी २०२६ च्या प्रारंभापर्यंतची मुदत घातली. पुढे ती २०३१ पर्यंत वाढविण्यात आली. मुदत टळली की हक्कही संपणार, ही धास्ती होती. म्हणून पदभ्रमण करणाऱ्यांच्या ‘रॅम्बलर्स’ या संस्थेने २०२० साली हजारो स्वयंसेवकांकडून जुने व नवे नकाशे ताडून पाहिले. त्यात इंग्लंड व वेल्समधील सुमारे ४९,००० मैल वाटा नोंदीवाचून राहिल्याचे आढळले. डिसेंबर २०२४ मध्ये ही अंतिम मुदतच रद्द करण्याचा मनोदय तेथील शासनाने जाहीर केला. तथापि मुदत नसली तरी पुरावा शोधावाच लागतो. वाट वापरल्याचे सांगणारी वृद्ध माणसे कमी होत जातात आणि मग जुन्या कागदांवरच विसंबावे लागते.

समारोप

इंग्लंडमधील पदभ्रमणाची सुटी स्वस्त, निरुपद्रवी आणि आरोग्याला हितकर आहे. तिच्यासाठी डोंगर फोडावे लागले नाहीत की इमारती उठवाव्या लागल्या नाहीत. जे होते त्याची नोंद झाली, त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि त्याच्या देखभालीचे काम नेमून दिले गेले. ज्या गावच्या कौन्सिलीने सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी आपल्या वाटांची यादी मनापासून केली, त्या गावच्या वाटेने आज दूरदेशीचा पाहुणाही निर्धास्तपणे चालत येतो. जेथे ती यादी झाली नाही, तेथे वाट शिवेवरच थांबते.